नायकाला काय जमत नाही?

मित्रहो, सुपरहिरोच्या सिनेमावरची आपली चर्चा बजेटपाशी सुरू होते आणि व्हीएफएक्सपाशी, म्हणजे संगणकाने रचलेल्या दृश्यांपाशी, संपते. मला त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: या नायकाला काय जमत नाही? पहिल्या अर्ध्या तासात याचं उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या मारामारीवर कितीही पैसा ओतलेला असो, ती आपण खुर्चीत रेलून बघतो.

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (2019) घ्या. शेवटी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, सहा रत्नांची ताकद वापरून चुटकी वाजवतो आणि मरतो. थिएटरं रडली ती फक्त अभिनयामुळे नाही. त्याच्या बऱ्याच आधी हल्क सहा रत्नं जडवलेला पंजा चढवून चुटकी वाजवतो आणि त्या अगडबंब गड्याचा हात करपतो. हल्कची ही गत, मग हाडामांसाच्या माणसाचं काय, हा हिशोब प्रेक्षकाने मनात आधीच करून ठेवलेला असतो. पण गंमत बघा, मार्व्हलची गळती याच सिनेमात सुरू झाली. आधीच्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये मेलेली गमोरा इथे 2014 सालातून परत येते. मेलेल्या लोकीचा 2012 मधला अवतार टेसरॅक्ट, म्हणजे एका रत्नाचा निळा ठोकळा, घेऊन निसटतो. मरण असं परतीच्या तिकिटावर मिळायला लागलं की पुढच्या कुठल्याच मरणाची किंमत उरत नाही.

‘द मार्व्हल्स’ (2023) मला म्हणूनच फार चुटपुट लावून जातो. मार्व्हलच्या मालिकेतला सगळ्यात कमी गल्ल्याचा सिनेमा. पण त्यातली कल्पना उत्तम होती. तीन नायिकांनी शक्ती वापरली की त्यांच्या जागांची अदलाबदल होते. पहिली मोठी मारामारी तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी चालते. ठोसा एकीने उगारायचा आणि तो बसेपर्यंत तिथे दुसरीच उभी. अडचणीतूनच विनोद येतो आणि थरारही. मग यानात दोरीवरच्या उड्या मारत सरावाचं एक गाणं होतं आणि अडचण त्यांच्या कह्यात येते. तिथून पुढे तो चारचौघांसारखा सिनेमा होतो. याउलट जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ (2025) नायकाच्या पराभवाने उघडतो. बर्फात आपटलेला, हाडं मोडलेला सुपरमॅन. त्याला उन्हाच्या झोतात धरून बरं करावं लागतं. पहिल्या काही मिनिटांतच हा माणूस हरू शकतो हे कळतं.

आता हिंदीकडे येऊ. ‘ब्रह्मास्त्र’मध्ये (2022) अस्त्रांची नावं आणि त्यांच्या शक्ती व्यवस्थित सांगितल्या आहेत. पण कुठलं अस्त्र कशापुढे निष्प्रभ ठरतं, वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं, हे सांगायचं राहिलं. शेवटी प्रेम जितकं तितकी आग, असा मामला होतो. प्रेम मोजायचं कशात? मग आग पटकथेला हवी तेव्हा आणि हवी तेवढी भडकते. ‘स्त्री’ (2018) आणि ‘मुंज्या’ (2024) इथे बाजी मारतात, कारण त्यांचे नियम लोककथेने घडवून ठेवलेले आहेत. भिंतीवर ‘कल आना’ लिहिलं की ते स्त्रीचं भूत परत जातं. मुंज झालेला, लग्न न झालेला मुलगा मेला की पिंपळावर मुंजा होतो आणि त्याला लग्न हवं असतं. ‘मुंज्या’चा दिग्दर्शक आदित्य सरपोतदारला हे मराठी प्रेक्षकाला समजावत बसावं लागलं नाही आणि इतरांना समजवायला त्याला फार वेळ लागला नाही. मल्याळममध्ये ‘लोका’ने (2025) कळ्ळियंकाट्टु नीली या यक्षीच्या (केरळच्या लोककथेतली रक्तपिपासू स्त्री) दंतकथेवर सुपरहिरोईन उभी केली, तीही याच वाटेने. आपल्या निर्मात्यांनी मार्व्हलच्या मागे धावण्यापेक्षा हे खोदावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जे कथेचं, तेच चित्राचं. व्हीएफएक्स ‘कार्टूनसारखं’ दिसतं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा शरीराला वजन नसतं. साधं गणित करू. वीस मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून, माणूस पडला तर जमिनीवर यायला त्याला दोन सेकंद लागतात. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 48 फ्रेम. अ‍ॅनिमेटरने त्याला तीस फ्रेममध्येच उतरवलं की डोळ्याला खटकतं. का ते सांगता येत नाही, पण खटकतं. टेकताना त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एका फ्रेममध्ये तो ऐंशी सेंटीमीटर सरकतो. कॅमेऱ्याचं नेहमीचं शटर त्यातला निम्माच वेळ उघडं असतं. तेव्हा चित्रात त्याची आकृती चाळीसेक सेंटीमीटर फरफटलेली दिसली पाहिजे. ती धारदार, स्वच्छ दिसली की वरून चिकटवल्यासारखी वाटते. शिवाय गुडघे वाकायला हवेत आणि धूळ पाय टेकल्यानंतर उडायला हवी.

उजेडाचं तर विचारूच नका. सेटवर करडा आणि चकचकीत गोळा धरून तिथला प्रकाश नोंदवून ठेवतात, म्हणजे संगणकातल्या पात्रावर तोच प्रकाश पाडता येतो. पण नटावर हिरव्या पडद्यापुढे सगळीकडून सारखा, सपाट प्रकाश टाकला असेल आणि मागे नंतर जळती लंका बसवली, तर त्याच्या गालावर आगीची थरथर कुठून येणार? रामायणावरच्या ‘आदिपुरुष’चा टीझर ऑक्टोबर 2022 मध्ये आला, टीका झाली, प्रदर्शन जानेवारीवरून जून 2023 वर गेलं. एवढ्या अवधीत रंग आणि पोत सुधारता येतात. कॅमेऱ्यात न पडलेला उजेड नंतर चेहऱ्यावर चढवायचा, तर प्रत्येक शॉट जवळजवळ नव्याने बांधावा लागतो.

आणि जागेची मर्यादा? त्यासाठी ‘किल’ (2024) बघा. यात सुपरहिरो नाही, एक कमांडो आहे. पण शक्ती कशी लिहावी याचा हिंदीतला अलीकडचा सगळ्यात चांगला धडा मला तोच वाटतो. धावत्या रेल्वेचा डबा, मधली अरुंद वाट. दरोडेखोर चाळीस असोत, समोर एका वेळी दोघंच येऊ शकतात. त्यामुळे एकट्याने चाळीस जणांना भिडणं पटतं. बर्थ, पडदे, दारं, शौचालय, सगळं हत्यार होतं. जवळजवळ निम्मा सिनेमा होईपर्यंत नायक हात राखून मारतो. मग त्याच्यावर जो आघात होतो, त्यानंतर पडद्यावर सिनेमाचं नाव येतं, आणि तोच डबा, तीच माणसं असूनही प्रत्येक फटका वेगळा लागतो.