भारतीय हॉकी : एका रात्रीत सुधारणारी टीम पहिल्या दिवशी कुठे असते?

[कॅमेऱ्यासमोर, टेबलावर उघडी वही]

नमस्कार मंडळी. आज हॉकीवर बोलायचंय. आपल्या पुरुष संघाचा २०२४-२५ चा प्रो लीगचा, म्हणजे जगातल्या आघाडीच्या राष्ट्रीय संघांच्या लीगचा मोसम. गुणतक्ता उघडलात तर एवढंच दिसेल : नऊ संघांत आठवा नंबर, १६ सामने, ६ विजय, १० पराभव, एकही बरोबरी नाही. पण मी हे सामने पाहिलेत, प्रत्येक स्कोअर या वहीत लिहून ठेवलाय, आणि आठव्या नंबरवर येणारी टीम मला त्या खेळात दिसली नव्हती. मग काय दिसलं, तेच सांगायला बसलोय.

आधी पॅरिसची आठवण करून देतो, कारण ती धरूनच पुढचं सगळं बोलायचंय. ऑलिम्पिक, ऑगस्ट २०२४, ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. तिथून शेवटापर्यंत, म्हणजे चाळीसहून जास्त मिनिटं, आपण दहा जणांनी खेळलो. १-१. मग शूटआउटमध्ये ४-२ नं जिंकलो. पुढे स्पेनला हरवून सलग दुसरं ऑलिम्पिक ब्राँझ. बचाव कसा करायचा हे या पोरांना येत नाही, असं कुणी म्हणालं तर मी त्याला ती चाळीस मिनिटं दाखवीन.

आता भुवनेश्वर, फेब्रुवारी २०२५. प्रो लीगमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन सामने असतात. आपले निकाल ऐका.

[स्क्रीनवर निकाल, एकेक करून]

स्पेन : पहिल्या दिवशी १-३ हरलो, दुसऱ्या दिवशी २-० जिंकलो.
जर्मनी : १-४ हरलो, दुसऱ्या दिवशी १-० जिंकलो.
आयर्लंड : ३-१ आणि ४-०, दोन्ही जिंकलो.
इंग्लंड : २-३ हरलो, दुसऱ्या दिवशी २-१ जिंकलो.

मी त्या वेळी आनंदात होतो. आठांत पाच विजय, १५ गुण, तक्त्यात वरच्या बाजूला. पण आता सांगतोय तो आकडा मी नंतर मोजला, आणि मोजल्यावर जरा वेळ गप्पच बसलो. त्या चार पहिल्या सामन्यांत मिळून आपण ११ गोल खाल्ले. दुसऱ्या चार सामन्यांत मिळून एक! तेच मैदान, समोरही तोच संघ, मध्ये फक्त एक रात्र.

एका रात्रीत काय बदलतं? बहुतेक वेळा आपण म्हणतो की पोरं पेटून उठली. उठली असतीलही. पण मला वाटतं, खरं उत्तर पेनल्टी कॉर्नरच्या वेळी, म्हणजे गोलजवळच्या चुकीसाठी समोरच्यांना गोल करायची खास संधी मिळते तेव्हा, आपल्या गोलसमोर उभ्या असलेल्या पाच जणांकडे आहे. एक गोलकीपर, चार बचावपटू, तोंडाला मास्क, गुडघ्यांना गार्ड. चेंडू बॅकलाइनवरून ढकलला जातो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर थांबवला जातो आणि फ्लिक सुटते, म्हणजे स्टिकनं ओढून चेंडू जोरात गोलकडे फेकला जातो. एवढ्याशा वेळात पहिला रशर सरळ त्या फ्लिकरच्या अंगावर धावत सुटलेला असतो. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं अमित रोहिदास करतोय. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं येणारा चेंडू मांडीवर, पोटावर, कुठेही लागू शकतो, हे माहीत असून धावतो. पुढच्या वेळी रिप्ले लागला की गोलकडे बघू नका, त्याच्याकडे बघा.

आता या रशरला समोरच्याचा डाव आधीच माहीत असेल तर तो अर्धं पाऊल लवकर निघतो. चेंडू थेट फ्लिक होणार की बाजूला सरकवून दुसरा कुणी मारणार, हे ज्यानं काल डोळ्यांनी पाहिलंय त्याला ते आज लवकर कळतं. ते अर्धं पाऊल उशिरा पडलं की मागचे सगळे उघडे पडतात. कॉर्नरचं जे आहे तेच चालू खेळातल्या बचावाचं. समोरचा कुठून प्रेस करतो, म्हणजे पुढे येऊन दबाव टाकतो, कोणत्या बाजूनं डीमध्ये शिरतो, हे आमच्या टीमला एकदा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. कळलं की मग ते दारं लावून घेतात. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांचं सगळं धोरणच आहे की आधी बचाव भक्कम करायचा आणि त्यावर सामना जिंकायचा. दुसऱ्या दिवशी ते धोरण मैदानावर दिसतं. पहिल्या दिवशी ते कागदावरच राहतं, आणि मला याचंच वाईट वाटतं.

मग जून. युरोप.

७ जूनला ॲमस्टेलव्हीनमध्ये नेदरलँड्स, ऑलिम्पिक विजेते. कर्णधार हरमनप्रीतनं एकोणिसाव्या मिनिटाला गोल केला, आपण पुढे. पंचविसाव्या मिनिटाला टाइस व्हान डॅमनं बरोबरी केली. पुढे अर्धा तास आपण त्यांना थोपवून धरलं. ५८ वं मिनिट, पुन्हा व्हान डॅम. १-२. साठ मिनिटांच्या सामन्यात दोन मिनिटं बाकी असताना! मी टीव्हीसमोर उभाच होतो, तसाच उभा राहिलो.

दुसरा सामना २-३. अर्जेंटिनाशी ३-४, मग १-२. अँटवर्पमध्ये ऑस्ट्रेलियाशी २-३ आणि पुन्हा २-३. सलग सहा पराभव आणि सहाही एका गोलनं. सातवा बेल्जियमकडून ३-६, तो मात्र सपशेल. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच बेल्जियमला आपण ४-३ हरवलं, सामना संपत आला असताना हरमनप्रीतच्या गोलवर. पुन्हा तीच एक रात्र.

तेव्हा सगळीकडे एकच बोललं गेलं : आक्रमण बोथट झालं, संधी वाया घालवल्या, फॉरवर्ड बदला. माझी वही वेगळं सांगते. भुवनेश्वरच्या आठ सामन्यांत आपण १६ गोल केले होते. युरोपच्या आठ सामन्यांत १८. म्हणजे जास्तच! आणि खाल्ले किती? भुवनेश्वरला १२, युरोपात २६. अभिषेक, सुखजीत, दिलप्रीत यांच्या नावानं खडे फोडणं मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

दुसरं कारण दिलं गेलं थकव्याचं. युरोपात १६ दिवसांत आठ सामने झाले हे खरं. पण भुवनेश्वरला तेच आठ सामने ११ दिवसांत उरकले होते आणि त्यात पाच जिंकलो. प्रवास, परकं मैदान, समोर जास्त ताकदीचे संघ, हे सगळं मान्य. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया यांच्याशी दुसरा सामनाही आपण हरलो, तेव्हा माझं एका रात्रीचं गणित सगळीकडे बसतं असा दावा मी करणार नाही. तिथे समोरचेही रात्री व्हिडिओ बघत होते.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत येत नाही. श्रीजेश. आपला गोलकीपर, पॅरिसनंतर तो निवृत्त झाला. गोलकीपर हा मैदानावरचा एकटाच माणूस असा असतो की सगळा खेळ त्याच्या समोर घडतो. श्रीजेश फक्त चेंडू अडवत नव्हता, तो अखंड ओरडत असायचा. कोण मोकळा सुटलाय, कुणी मागे यायचं, कुणी जागा सोडायची नाही. आता गोलमध्ये कृष्ण बहादुर पाठक आहे आणि आपल्या मुंबईचा सूरज करकेरा आहे. दोघंही चांगले कीपर. पाठकनं तर श्रीजेशच्या मागे बसून कित्येक वर्षं वाट पाहिली. पण पुढच्या चौघांना न बघता विश्वास ठेवता येईल असा आवाज एका मोसमात तयार होत नाही. त्याला वेळ द्यायला हवा, आणि शेवटच्या पाच मिनिटांतला प्रत्येक गोल कीपरच्या माथी मारणं आपण प्रेक्षकांनी थांबवायला हवं.

[कॅमेरा जवळ]

आता तुम्ही म्हणाल, सप्टेंबरमध्ये राजगीरला आशिया कप जिंकला ना? जिंकला, आणि मी तो पोटभर साजरा केला. पण निकाल नीट बघा. चीनशी पहिल्यांदा ४-३, जेमतेम. आठवड्याभरानं त्याच चीनशी ७-०. कोरियाशी पहिल्यांदा २-२, आणि फायनलमध्ये त्याच कोरियाला ४-१. दुसऱ्या भेटीत आपण कुणालाही ऐकत नाही!

वर्ल्डकपमध्ये मात्र दुसऱ्या भेटीची खात्री नसते. आशिया कप जिंकून आपण त्याचं तिकीट मिळवलंय. ऑगस्ट २०२६, यजमान नेदरलँड्स आणि बेल्जियम, आणि मैदानांत ॲमस्टेलव्हीनही आहे, जिथे आपण सहा दिवसांत चार सामने एकेका गोलनं हरलो होतो. वर्ल्डकप आपण जिंकलोय एकदाच, १९७५ साली. माझा जन्मही झाला नव्हता.

राजगीरच्या फायनलमधलं मला सगळ्यात आवडलेलं सांगतो. दिलप्रीतचे दोन गोल झाले, रोहिदासनंही एक केला, पण ते नाही. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटात सुखजीतनं गोल मारला. लोक अजून खुर्च्यांवर नीट बसले नव्हते. हा संघ पहिल्या मिनिटापासून जागा आहे, असं वाटलेला त्या अख्ख्या वर्षातला माझ्यासाठी तो पहिला क्षण होता.

ऑगस्टमध्ये आपल्या पहिल्या सामन्यात समोरच्यांना पहिला पेनल्टी कॉर्नर मिळेल, तेव्हा मी स्कोअर बघणार नाहीये. आपला रशर रेषेवरून कधी सुटतो, तेवढंच बघणार आहे.