उभं अंडं, आडवं अंडं

(परडं. सकाळचे दहा.)

दसरा होऊन आठवडा झाला. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ऊन आत्ता कुठं फणसाच्या बुडापर्यंत पोचलंय. मधमाश्यांची पेटी उघडायची ती याच वेळेला. गारठ्यात उघडली तर आतल्या अळ्या गारठतात. शिवाय आता बऱ्याच माश्या कारळ्याच्या फुलांवर गेल्यात, तेवढेच डंख कमी.

ही सातेरी, आपली देशी मधमाशी. कानडी शेजारी हिलाच तुडुवे जेनू म्हणतात. पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात, मुंग्या चढू नयेत म्हणून.

धुराड्यात वाळकी शेणी आणि गोणपाटाचा तुकडा. दारातून दोन फुंकरी, बस्स. धूर लागला की माश्या पोटभर मध पिऊन घेतात. घर सोडायची वेळ आलीच तर शिदोरी जवळ असावी! त्यांचा एकमेकींना इशारा द्यायचा वासही धुरात दबतो. पिकल्या केळ्यासारखा असतो तो. एक माशी चावली की त्या वासावर दुसरी येते, म्हणून काटा नखानं लगेच खरवडून काढायचा.

गेल्या वर्षी मी पेटी रोज उघडायचो. मध किती झाला, राणी कुठं आहे... तेराव्या दिवशी पेटी रिकामी. सातेरीला फार छळलं की ती बिऱ्हाड हलवते. शेजारचे आबा म्हणाले, "लेका, पाव्हण्याच्या ताटाकडं सारखं बघितलंस तर पाव्हणा जेवंल व्हय?"

(पोळ्याची चौकट उन्हाकडं तिरकी धरलेली.)

आता राणी शोधत बसत नाही. ऊन पाठीवर घ्यायचं आणि पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बघायचं. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं दिसतंय? उभं असेल तर नुकतंच घातलेलं. आडवं पडलं असेल तर तिसऱ्या दिवसाचं. त्यातून आता अळी निघेल. म्हणजे तीन दिवसांमागं राणी इथं होती, एवढं नक्की. पण एकाच घरात दोन-तीन अंडी विस्कटून पडलेली असली, तर राणी बहुतेक गेली आणि कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या.

ही फुगीर झाकणं नरांच्या घरांची. प्रत्येकाच्या टोकाला टाचणीनं पाडल्यासारखं भोक असतं. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखं राणीघर लोंबत असतं तर वसाहत फुटून दोन व्हायच्या बेतात आहे, असं समजलो असतो. आज तसलं काही नाही.

तळफळीवर मात्र मेणाचा भुगा आणि जाळीत गुंडाळलेली एक अळी. मेणकिडा! खरवडून काढला. दुबळ्या वसाहतीत हा पोळीच्या पोळी पोखरतो.

चौकटी होत्या त्याच क्रमानं परत. झाकण.

कुंपणापलीकडून आबांचा आवाज, "काय गा, मध किती?"

मधाची वरची कोठी मी उघडलीच नव्हती. एक वाटी कोरडी पडलेली, तेवढी भरली.