वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात

मंडळी, आज ज्या भागाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव टिन. दक्षिण नॉर्वेतल्या टेलेमार्कमधला हा एक ‘कोमूने’. या शब्दाला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ग्रामपंचायत म्हणावं तर क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या पुढे, आणि तालुका म्हणावं तर माणसं सहा हजारांच्याही आत. बाकी सगळं डोंगर, पठार आणि पाणी.

इथे येणारा पाहुणा बहुधा र्‍युकान या मुख्य गावात उतरतो, डोंगरावरचे आरसे बघतो, युद्धाचं संग्रहालय बघतो आणि परत जातो. मला ते अपुरं वाटतं. टिन कळायचं तर पाण्याबरोबर खाली उतरावं लागतं. म्हणून आपण वरच्या तळ्यापासून निघू.

वरचं तळं म्हणजे म्यॉसवाटन. ‘वाटन’ म्हणजे पाणी, आणि त्याच शब्दाचा अर्थ तळं असाही होतो. हार्डांगरविडा नावाच्या विस्तीर्ण, उघड्या पठाराच्या कडेला, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर ते पसरलं आहे. त्याचा काही भाग शेजारच्या विन्ये कोमूनेत जातो. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत माणसं कशाला राहिली असतील? एक उत्तर जमिनीत सापडलं. व्हायकिंग काळात आणि त्यानंतरही इथले लोक दलदलीतलं लोह काढून भट्टीत वितळवत होते. काठावर त्या भट्ट्यांच्या, लोखंडाच्या मळीच्या खुणा पुरातत्त्वज्ञांनी शोधल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेसाठी तळ्याला बांध घातला, तेव्हा काठची शेतं आणि कुरणं पाण्याखाली गेली. आज तळ्याची पातळी वर्षभरात अठरा मीटरपर्यंत वरखाली होऊ शकते. आपल्या धरणग्रस्त गावांत वाढलेल्या माणसाला या एका आकड्यातून सगळं समजेल.

म्यॉसवाटनमधून मोना नदी निघते आणि तीस-एक किलोमीटरात सातशे मीटर खाली येते. वाटेत तिचा १०४ मीटरचा धबधबा आहे, र्‍युकानफॉसेन. ‘र्‍युकान’ म्हणजे धुरावणारा. तुषारांचा ढग दरीवर उभा राहायचा म्हणून हे नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात हा धबधबा बघायला युरोपभरातून लोक येत. नॉर्वेच्या गिर्यारोहक संघटनेने आपली पहिली निवासकुटी १८६८ साली याच धबधब्याजवळ, क्रोकान इथे घेतली.

मग साम आयडे नावाचा अभियंता आला. शास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्कलँड यांच्याबरोबर त्याने एक पद्धत बसवली होती. प्रचंड विजेची ज्योत पेटवायची, तिच्यातून हवा न्यायची, हवेतला नत्रवायू बांधायचा आणि त्याला चुनखडीची जोड देऊन कॅल्शियम नायट्रेट बनवायचं. आपल्या नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात, तेच खत. त्या काळी जगाची भिस्त चिलीतल्या खनिज सोर्‍यावर होती, आणि इथे त्याला पर्याय हवेतून काढायचा होता. हवा फुकट मिळते, वीज अफाट लागते. त्या विजेसाठी धबधब्याचं पाणी बोगद्यात वळवलं. १९११ मध्ये सुरू झालेलं वेमोर्कचं वीजघर तेव्हा जगातलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र होतं, १०८ मेगावॅटचं. धुरावणारा धबधबा मात्र एरवी जवळजवळ कोरडा राहू लागला. गावाने नाव धबधब्याचं घेतलं आणि धबधबा दिला, ही गोष्ट मला फार लागते.

दरीत तोवर विखुरलेली थोडी शेतघरं होती. नोर्स्क हीड्रो कंपनीने तिथे काही वर्षांत अख्खं गाव उभं केलं, कामगारांची घरं, शाळा, चर्च, सगळं. पण दरी पूर्व-पश्चिम आहे आणि दक्षिणेला गाउस्टाटॉपेन हा १,८८३ मीटरचा डोंगर उभा आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावावर ऊन पडतच नाही. डोंगरावर आरसे बसवून ऊन खाली आणावं, अशी कल्पना १९१३ मध्येच हीड्रोच्या एका हिशेबनिसाने मांडली होती. तेव्हा ते जमलं नाही. १९२८ मध्ये कंपनीने क्रोसोबानेन हा हवाई पाळणा बांधून दिला, म्हणजे निदान वर जाऊन ऊन अंगावर घेता येईल. आरसे आले ते २०१३ मध्ये, तीन मिळून सुमारे ५१ चौरस मीटरचे. ते सूर्यामागे फिरतात आणि चौकात उजेडाचा एक तुकडा पाडतात. भर हिवाळ्यात म्हातारी माणसं त्या तुकड्यात डोळे मिटून उभी राहतात. शंभर वर्षांनी आलेलं ऊन आहे ते.

कारखान्याआधीचं टिन कसं होतं? त्याचा आवाज आपल्याकडे शिल्लक आहे, तो क्नूट डाले यांच्यामुळे. याच दरीतले हे वादक हार्डांगर फिडल वाजवत. या वाद्यात वाजवायच्या तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात आणि त्या आपोआप झंकारतात. आपल्या सारंगीच्या तरफा आठवा, म्हणजे कळेल. डाले यांना काळजी होती की आपल्याबरोबर या चाली मरतील. त्यांनी नॉर्वेचे प्रख्यात संगीतकार एडवर्ड ग्रीग यांना पत्रं लिहिली. अखेर १९०१ मध्ये ते राजधानीत गेले आणि व्हायोलिनवादक योहान हाल्वोर्सन यांनी सतरा चाली ऐकून स्वरलिपीत उतरवल्या. ग्रीग यांनी त्यावरून पियानोच्या रचना केल्या. दरीत सुरुंगाचे आवाज सुरू व्हायला तेव्हा थोडीच वर्षं उरली होती. माझ्या मते टिनमधली सर्वांत मोलाची कामगिरी हीच.

आता मोना नदीच्या मुखाशी येऊ. हे गाव मॅल. इथे १८३९ चं लाकडी चर्च आहे आणि आगगाडीचं शेवटचं स्टेशन. कारखान्याचं खत डब्यांत भरून इथवर येई आणि डबे तसेच बोटीवर चढत, कारण पुढे तीस किलोमीटर तळं होतं, टिन्शो. पलीकडे टिनोसेटला डबे पुन्हा रुळांवर उतरत. हा मार्ग १९०९ पासून १९९१ पर्यंत चालला. वाफेवर चालणारी ‘अमोनिया’ ही जुनी बोट मॅलला आजही जपून ठेवली आहे.

टिन्शोच्या काठची गावं पर्यटकांच्या यादीत क्वचितच येतात. आत्रो, तिथलं चर्च १८३६ चं. उत्तर टोकाला आउस्टबिग्डे. पूर्वेच्या बाजूला होविन. कारखाना येण्यापूर्वी ही गावं उपजीविकेसाठी अमेरिकेकडे बघत होती, आणि टिनमधून लोक फार लवकर, १८३७ पासूनच निघाले. त्यांत यॉन रूए हा दहा वर्षांचा मुलगा होता. मोठेपणी त्याने वीस हिवाळे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या बर्फातून लाकडी स्कीवर टपाल वाहिलं. अमेरिकेत तो स्नोशू थॉम्प्सन म्हणून ओळखला जातो. स्की करायला तो टिनमध्येच शिकला होता.

आणि मग दुसरं महायुद्ध. वेमोर्कला १९३४ पासून जड पाणी बनत होतं, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचं जड रूप असतं असं पाणी, आणि नॉर्वे व्यापून बसलेल्या जर्मनांना अणुसंशोधनासाठी ते हवं होतं. २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री मूठभर नॉर्वेजियन सैनिक पुलावरचा पहारा टाळून दरी उतरले, समोरचा कडा चढले आणि जड पाण्याचा विभाग उडवला. एकही गोळी चालली नाही. ही कथा जगभर सांगितली जाते आणि सांगावीच. पण त्याच श्वासात पुढची कथाही सांगायला हवी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी वेमोर्क आणि र्‍युकानवर बॉम्ब टाकले आणि वीसहून अधिक साधी माणसं मेली. उरलेलं जड पाणी जर्मनीला न्यायचं ठरलं, तेव्हा ‘हीड्रो’ ही रेल्वेचे डबे आणि प्रवासी नेणारी बोट नॉर्वेजियनांना टिन्शोमध्ये बुडवावी लागली. बोटीवर माणसं कमी असतील म्हणून रविवार निवडला होता, २० फेब्रुवारी १९४४. तरीही अठरा जण गेले, त्यांतले चौदा नॉर्वेजियन. काठचे शेतकरी आपल्या होड्या वल्हवत थंड पाण्यात गेले आणि ज्यांना ओढून घेता आलं त्यांना त्यांनी ओढून घेतलं. ज्यांनी सुरुंग लावला त्यांतले काही याच भागातले होते. बोटीवर आपली माणसं असणार हे त्यांना ठाऊक होतं.

टिन्शो ४६० मीटर खोल आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर, म्हणजे तळ समुद्राच्याही खाली. ‘हीड्रो’ ४३० मीटरवर पडून आहे. तिच्या शोधासाठी खाली सोडलेल्या यंत्राच्या कॅमेर्‍यात, जिथे उजेडाचा कणही पोचत नाही अशा ठिकाणी, लहान फिकट मासे फिरताना दिसले. ते ‘आर्क्टिक चार’ नावाच्या जातीचे, आपल्या ट्राउटच्या नात्यातले. पुढे संशोधकांनी जाळी लावली तेव्हा कळलं की या एकाच तळ्यात हा मासा चार वेगळ्या रूपांत राहतो, आणि त्यातलं सर्वांत खोलवरचं रूप अगदी छोटं आहे, बारीक डोळ्यांचं. काठच्या गावांत पिढ्यानपिढ्या मासेमारी चालत आली, पण तळाशी कोण राहतं हे त्या बोटीमुळे समजलं.