सतरावा येईपर्यंत

[अंधार. पुलाचा कठडा. लुकलुकणारे लाल दिवे एकेक करून जमतात.]

डिसेंबरातला रविवार. पहाटेचे पावणेसहा. पुणं अजून दुलईत आहे, आणि राजाराम पुलाच्या तोंडाशी सायकली जमायला लागल्यात. कानटोप्या, हातमोजे, तोंडातून निघणारी वाफ. कुणी अंगठ्यानं टायर दाबून बघतंय, कुणी चेनवर तेलाचे दोन थेंब सोडतंय.

"काका, पंप आणलात का?"

"घरीच राहिला रे."

"असू दे, माझ्याकडे आहे."

आज आम्ही सतरा जण आहोत. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक ताई आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीला टेकलेले काका आहेत. हिंजवडीतली रात्रपाळी संपवून थेट इथे आलेला एक जण आहे. आणि वडिलांची जुनी सायकल घेऊन आज पहिल्यांदाच आलेला अकरावीतला मुलगा आहे. जायचं सिंहगडाच्या वाहनतळापर्यंत, आणि जेवणाच्या वेळेला घरी.

निघण्याआधी दोनच गोष्टी ठरतात. पुढे कोण आणि सगळ्यात मागे कोण. पुढचा रस्ता दाखवतो, वेग धरतो. मागच्याला आमच्यात 'स्वीप' म्हणतात. त्याच्या मागे आपलं कुणीही राहता कामा नये, एवढं एकच काम त्याला. आज ते ताईंकडे आहे. या गटात मी सहा वर्षं येतोय, आणि माझं मत आता पक्कं झालंय. रविवारची राइड चांगली झाली की नाही, ते शेवटी स्वीपच ठरवतो.

[पुलापलीकडच्या वस्तीचे दिवे. जुन्या सायकलींची कृष्णधवल छायाचित्रं.]

पुणं हे सायकलींचं गाव होतं, हे इथल्या मुलांना हल्ली सांगावं लागतं. कारखान्यांच्या भोंग्यांबरोबर पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर सायकलींची रांग लागायची. दूधवाल्याच्या सायकलीला दोन्हीकडे किटल्या, पेपरवाल्याच्या कॅरिअरवर गठ्ठे. कॉलेजातल्या मुली साडी सावरत लेडीज सायकलवरून जायच्या. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. संध्याकाळी दिवा नसला किंवा डबल सीट सापडलात, की पोलीसमामा हवा सोडून द्यायचे आणि मग ती हातात धरून घर गाठायचं. आमचे काका हे सगळं असं सांगतात, जणू परवाच घडलंय.

ते दिवस बघायचे असतील तर पुलापलीकडे कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभं केलेलं सायकल संग्रहालय आहे. हौसेनं, एकेक सायकल शोधून, दुरुस्त करून जमवलेलं. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटनं उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली, मधोमध घडी होणारी बीएसएची सायकल तिथे आहे. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ तिच्यासमोरून हललो नव्हतो.

[सायकली निघतात. चाकांचा आवाज.]

निघालो. हिंगणे, वडगाव, धायरी फाटा. या तासाला सिंहगड रस्ता अगदी वेगळा असतो. एरवी इथे हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. आत्ता सतरा साखळ्यांची बारीक किरकिर आणि टायरांची सळसळ ऐकू येतेय. हा आवाज एकट्याच्या सायकलीला नसतो. त्यासाठी पंधरा-वीस जणांनी एका लयीत पॅडल मारावं लागतं.

एकामागे एक चालण्यात मोठी सोय आहे. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचं बहुतेक बळ हवा कापण्यात जातं. वेग वाढला की हा खर्च फार झपाट्यानं वाढतो. पण पुढच्याच्या मागे हात-दीड हातावर राहिलं, तर वारा त्याच्या छातीवर जातो आणि आपलं काम निदान पाव हिश्श्यानं हलकं होतं. दर पाच-सात मिनिटांनी पुढचा बाजूला सरकून मागे येतो आणि दुसरा वाऱ्याला तोंड देतो. काका कधीही पुढे जात नाहीत. आम्ही जाऊ देत नाही. आणि त्याबद्दल आजवर कुणी कधी बोललेलं नाही.

पण इतक्या जवळून जायचं तर पुढच्यावर भरवसा हवा. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, दिसते फक्त समोरची पाठ. म्हणून पुढचा हात खाली करून बोट दाखवतो, म्हणजे खड्डा. मूठ वर, म्हणजे थांबतोय. आणि ओरडा सगळीकडून. "गतिरोधक!" "वाळू आहे, वाळू!" मागून ताईंचा खणखणीत आवाज, "मागून गाडी, एका ओळीत या!" तो वर्गात कमावलेला आवाज आहे. सतराव्या सायकलीवरून पहिल्यापर्यंत पोचतो.

नांदेड फाट्याजवळ कुत्री अंगावर येतात. नवा मुलगा जोरात पळवायला जातो. "अरे, पळवू नकोस!" सगळे वेग कमी करतात, एक जण उतरून सायकल मध्ये आडवी धरतो, दोन शब्द दमात बोलतो. कुत्री थांबतात. पळणाऱ्याच्या मागे ती लागतात, उभ्या माणसाच्या नाही. हे मुलाला आज कळलं.

[खडकवासला. धुक्यात धरणाची भिंत. उजाडतंय.]

सात वाजलेत. खडकवासल्याला पोचेपर्यंत पूर्व उजळते. पाण्यावर धुक्याचा पातळ थर आहे, आणि पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची झाडी नुसती काळी रेघ होऊन उभी आहे. दिवसा इथे चौपाटी असते. भाजलेली कणसं, भजी, गाड्यांची रांग. आत्ता एक चहावाला तेवढा स्टोव्हला पंप मारतोय.

काका दरवेळी इथे सायकल टेकवतात आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही गेलं, आणि मुठेनं पुण्याच्या काठावरच्या पेठा बुडवल्या. काका तेव्हा दहा वर्षांचे होते. वडिलांनी त्यांना सायकलच्या नळीवर बसवून उंचावरच्या नातेवाइकांकडे नेलं. मागे आई, डोक्यावर ट्रंक. ओंकारेश्वराकडून पाणी चढत येतंय अशी ओरड चालली होती, एवढं त्यांना आठवतं. आणि एक आठवतं ते नळीचं. किती बोचत होती ती. त्या दिवशी वाचलं ते एक आम्ही आणि एक सायकल, असं ते म्हणतात. मग घसा खाकरतात, "चला, उशीर होतोय" म्हणतात, आणि आम्ही निघतो.

[डोणज्याकडचा रस्ता. उजवीकडे पाणी. एक सायकल थांबते.]

डोणज्याकडे जाताना मागून हाक येते. "पंक्चर!" ती हाक पुढे सरकत जाते आणि अख्खी रांग कडेला थांबते. मुलाचं मागचं चाक बसलंय. तो ओशाळलाय. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो."

कुणी उत्तरसुद्धा देत नाही. सायकल उलटी होते, चाक निघतं. दोन प्लास्टिकच्या पट्ट्या रिमच्या कडेला घालून टायरची एक बाजू सोडवली जाते, ट्यूब बाहेर येते. नवी ट्यूब घालण्याआधी एक काम असतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. रात्रपाळीवाला डोळे मिटतो आणि टायरच्या आतून बोटांची टोकं हळूहळू फिरवतो. एक फेरी. काही नाही. दुसरी फेरी, आणखी हळू. मग बोट थांबतं. "सापडली." चिमट्यानं ओढली तर केसाएवढी पोलादी तार. ट्रकचे टायर फुटले की अशा तारा रस्त्याच्या कडेला पडून राहतात, आणि सायकलीचा रस्ता तोच. ती न काढता नवी ट्यूब घातली असती, तर शंभर पावलांवर पुन्हा हवा गेली असती.

ट्यूब ताईंनी दिली. हवा तिघांनी आळीपाळीनं भरली. एवढ्यात कुणीतरी डिंकाचे लाडू काढले. पंक्चर काढायला बारा मिनिटं लागली, पण निघायला पंचवीस. कारण लाडूंवरून आईच्या हातच्या लाडूंचा विषय निघाला, आणि तिथून मेथीच्या. पहिल्या वर्षी असा वेळ गेला की मी घड्याळ बघायचो. आता वाटतं, पुण्यात ज्यांना भेटायला महिना महिना जमत नाही, त्यांच्याशी कडेच्या दगडावर बसून बोलणं ही केवढी चैन आहे! ती चैन एका तारेनं मिळवून दिली.

[गोळेवाडी. चढाची सुरुवात. वर धुक्यात दूरदर्शनचा मनोरा.]

गोळेवाडीच्या नाक्यावरून घाट सुरू होतो. सुमारे ९ किलोमीटर, आणि तेवढ्यात साडेपाचशे-सहाशे मीटर वर जायचं. इथे गट आपोआप सुटा होतो, आणि तेच बरोबर आहे. चढावर वेग इतका कमी असतो की दुसऱ्याच्या आडोशाचा फारसा उपयोग नसतो. ज्यानं त्यानं आपल्या श्वासाला धरून चढायचं. हलका गिअर, ढिले खांदे, नजर दहा पावलांवर. बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला असं समजायचं.

सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा एका वळणावर दिसतो, पुढच्यावर लपतो, आणि नंतर दिसतो तेव्हा आणखी लांब गेल्यासारखा वाटतो. नव्या माणसाचा धीर हाच मनोरा खचवतो. माझाही खचला होता. पहिल्या खेपेला अर्ध्या घाटात पोटरीत गोळा आला आणि मी कठड्यावर बसलो. त्या दिवशीचे स्वीप माझ्या शेजारी येऊन बसले. काही समजावलं नाही की धीर दिला नाही. खिशातून गूळ-शेंगदाणे काढले, अर्धे मला दिले, आणि समोरच्या डोंगरांची नावं सांगत बसले. वीस मिनिटांनी म्हणाले, "उठायचं का?" मी उठलो. पुढची सहा वर्षं मी त्या वीस मिनिटांमुळे येतोय.

[वाहनतळ. एकेक सायकल पोचते.]

वर पोचणाऱ्याचं स्वागत आरडाओरड्यानं होतं. घाम पुसायचा, वाऱ्याचा अंगरखा चढवायचा, आणि कठड्याशी उभं राहायचं. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा हा गड. आज हवा स्वच्छ आहे. राजगड दिसतोय, तोरणा दिसतोय.

वाट बघताना गप्पांना रंग चढतो. रात्रपाळीवाला पुढच्या महिन्यात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, उतरणार आहे. ते अंतर साडेतेरा तासांत संपवायचं, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. पहिलं-दुसरं काही नसतं, वेळेत आला तो आला. आषाढीच्या आधी सायकलनं पंढरपूरला जाणाऱ्यांचा विषय निघतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचा निघतो. २०१५ साली त्यांनी दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करणारी रॅमची शर्यत पूर्ण केली. जवळपास ४८०० किलोमीटर. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पुरी केली. एकेकट्यानं म्हणायचं, पण तिथेही सायकलीच्या मागे आपल्या माणसांची गाडी असते. रात्री त्या गाडीच्या उजेडात तो पॅडल मारत असतो. शर्यतीच्या त्या हकिगतींतलं मला सगळ्यात आवडतं ते हेच.

पंधरा जण वर आलेत. दोघं नाहीत.

झोपडीतल्या मावशींनी चूल पेटवलीय. पिठलं रटरटतंय, मडक्यातलं दही बाहेर आलंय, कांदा फोडून ठेवलाय. पीठ मळून तयार आहे. मावशी परातीवर हात ठेवून विचारतात, "टाकू का भाकऱ्या?"

काका मान हलवतात. "थांबा, मावशी. आमची दोन माणसं यायचीत."

भाकरी तव्यावरून ताटात आली तरच भाकरी, हे मावशींना आम्ही सांगायची गरज नाही. त्या चुलीतलं एक लाकूड मागे ओढतात. सगळ्यांना कडकडून भूक लागलीय. कुणीही ताट मागत नाही.

[रिकामं वळण. वारा. बराच वेळ काहीच नाही.]

दहा मिनिटं. पंधरा. वीस. दोघं-तिघं खालच्या वळणापर्यंत चालत गेलेत.

मग आधी हेल्मेट दिसतं. त्यामागे, अगदी चालण्याच्या वेगानं, डावीकडून उजवीकडे नागमोडी येणारी ती जुनी सायकल. मुलाचं तोंड लालबुंद झालंय. त्याच्यामागे पाच हातांवर ताई, शांत, एका हातानं घाम पुसत. मुलगा उतरत नाही. शेवटच्या चढावर तो सीटवरून उठतो, हँडलवर ओणवा होतो, आणि वाहनतळावरचे पंधरा जण नरडी फुटेपर्यंत ओरडायला लागतात.

काका झोपडीकडे वळतात.

"मावशी, टाका आता. सतरा."