टीव्हीचे माप आणि खाटेपासूनचे अंतर

मंडळी, कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की टीव्ही बदलण्याचा विषय निघतोच. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तेव्हा आता बोलणे सुरू होते तेच 43 किंवा 55 इंचांपासून. दुकानदार विचारतो, भिंत केवढी आहे? माझ्या मते चित्र कुठून येणार आणि बघणारा कुठे बसणार, हे त्याने आधी विचारायला हवे.

इंचाचे माप पडद्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतलेले असते. आपल्याला लागते ती उंची, आणि ती 32 इंची पडद्याची सुमारे 40 सेंटीमीटर, 43 इंचीची 54 आणि 55 इंचीची 68 भरते. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्यांचे चित्र जुन्या साध्या दर्जाचे, म्हणजे वरून खाली 576 आडव्या ओळींचे असते. ते डोळ्यांना फुटलेले वाटू नये यासाठी पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतर लागते, तर 1080 ओळींच्या एचडी चित्राला तिप्पट आणि त्याच्याही दुप्पट ओळींच्या फोर-के चित्राला दीडपट अंतरही पुरते.

आता आपली समोरची खोली घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला लावलेल्या खाटेवर बसले, तर पडदा डोळ्यांपासून साधारण आठ फुटांवर, म्हणजे 244 सेंटीमीटरवर येतो. चाळीसची सहापट 240. म्हणजे ज्या घरी फक्त फ्री डिश आहे, त्या घराला 32 इंची टीव्ही अगदी बरोबर बसतो. तिथेच 55 इंची लावला, तर नीट चित्र दिसायला साडेतेरा फूट मागे सरकावे लागेल, म्हणजे थेट अंगणात! एरवी वऱ्हाडी माणूस उन्हाळ्यात अंगणातच झोपतो, ही गोष्ट वेगळी. दुकानात हाच टीव्ही झकास दिसतो, कारण तिथे कंपनीने दिलेली फोर-के चित्रफीत चालू असते. घरी आल्यावर मात्र मालिकेतल्या चेहऱ्यांच्या कडा पसरतात आणि क्रिकेटचा चेंडू मागे शेपूट ओढत जातो.

ज्यांच्याकडे फायबरचे इंटरनेट आले आहे आणि जे सामने एचडीतच पाहतात, त्यांना आठ फुटांवरून 55 इंचीही चालेल. दोन्ही प्रकार चालणाऱ्या घराने 43 वर थांबावे, असे मी सांगेन. मात्र त्या मापाला आठ फुटांवरून एचडी आणि फोर-के यांतला फरक डोळ्यांना जवळजवळ कळत नाही, म्हणून केवळ फोर-केसाठी जादा पैसे मोजू नयेत.

राहिली उंची. लेकरांचा हात पोहोचू नये म्हणून टीव्ही आलमारीच्या वर टांगतात आणि खाली चटईवर बसलेल्या आजीची मान दुखते. खुर्चीवर बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून साधारण 110 सेंटीमीटरवर, तर चटईवरच्याचे 75 च्या आसपास असतात. तेव्हा पडद्याचा मध्य शंभराच्या जवळपास ठेवावा. आपल्याकडे दार दिवसभर उघडे असते, म्हणून टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर न लावता बाजूच्या भिंतीवर लावावा, नाहीतर दुपारी पडद्यात अंगणच दिसते.