वर्गणीची एकच शीट

[दृश्य: मोबाइलचा पडदा. ग्रुपवर एकाखाली एक आलेल्या फाइली.]

‘वर्गणी_फायनल’. ‘वर्गणी_फायनल_नवीन’. ‘वर्गणी_फायनल_खरी’. गणपती जवळ आले की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा फाइली फिरायला लागतात, आणि हमखास कोणीतरी विचारतं, “कोनती पाहू बे यातली?”

नागपूरच्या महाल भागातलं एक मंडळ धरू. कार्यकारिणीतले काही जण अजून वस्तीतच आहेत, काही मनीषनगर, दिघोरीकडे राहायला गेले, दोघं नोकरीपायी पुण्यात. पावतीपुस्तकं पाच जणांकडे. यांना बोलायला, हिशोब लिहायला आणि बैठकीला बसायला ऑनलाइन साधनं हवीत. गडबड होते ती तिन्ही कामं एकट्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्यामुळे.

व्हॉट्सअ‍ॅप फाइलची प्रत पाठवतं. खजिनदारांनी आपल्या फोनवर आकडा दुरुस्त केला, तरी बाकीच्यांच्या फोनवर जुनाच राहतो. गूगल शीट्समध्ये फाइल एकच असते, गूगलच्या सर्व्हरवर, आणि लिंक उघडणारा प्रत्येक जण तीच पाहतो. म्हणून हिशोब तिथे.

[दृश्य: कॉम्प्युटरवर कोरी शीट.]

पहिली मांडणी कॉम्प्युटरवर करा, फोनवर सगळे मेनू सापडत नाहीत. जीमेल खात्यात लॉगइन करून ब्राउझरच्या पत्त्यात ‘शीट्स डॉट न्यू’ इंग्रजीत टाइप केलं की कोरी शीट उघडते. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं: पावती क्रमांक, तारीख, नाव, रक्कम, रोख की यूपीआय, कोणी घेतली. मग ‘व्ह्यू’मधून ‘फ्रीझ’, एक ओळ. खाली कितीही गेलात तरी शीर्षकं वरच राहतात. ‘फाइल’मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून लोकेल, म्हणजे कोणत्या देशाची पद्धत, ‘इंडिया’ आहे ना तेही पाहून घ्या. तिथे अमेरिका असेल तर ५/९ टाकल्यावर ५ सप्टेंबर होत नाही, ९ मे होतो.

[दृश्य: रकमेचा रकाना, जवळून.]

आता हा रकाना नीट बघा. चार आकडे उजवीकडे चिकटलेत, एक डावीकडे. डावीकडच्या चौकोनात कोणीतरी पावतीवर लिहितात तसं ‘५०१/-’ लिहिलंय. शीटच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे. बेरजेचं सूत्र त्याला मोजत नाही, आणि चूकही दाखवत नाही. गल्ल्यातली रोकड आणि शीट जुळत नसेल तर आधी डावीकडे सरकलेली रक्कम शोधा. रकमेत फक्त आकडा, इंग्रजी कीबोर्डने टाकलेला, पुढे ‘रु.’ नको, मागे रेघ नको. एकूण बेरीजही रकान्याच्या तळाशी लिहू नका, खाली नोंदी वाढत गेल्या की ती मध्येच अडकते. बाजूच्या मोकळ्या रकान्यात, वरच्या बाजूला ठेवा.

दुसरा घोळ यापेक्षा वाईट. कोणाला तरी नावं अकारविल्हे लावायची हुक्की येते. तो फक्त नावांचा रकाना निवडतो आणि ‘सॉर्ट रेंज’ दाबतो. नावं हलतात, रकमा जागच्या जागी राहतात. एकाचे ५,००० दुसऱ्याच्या नावावर! लगेच लक्षात आलं तर त्यानेच ‘अनडू’ करावं. उशिरा कळलं तर ‘फाइल’मध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा. कोणत्या वेळी कोणी काय बदललं ते तिथे रंगांत दिसतं, आणि आधीची शीट परत आणता येते. मात्र परत आणताना मधल्या वेळेत टाकलेल्या नोंदीही जातात. त्या आधी टिपून घ्या.

‘कोणी’ हे कळायला मात्र शीट नीट शेअर केलेली हवी. उजवीकडे वर ‘शेअर’ दाबा, पावती फाडणाऱ्या पाच जणांचे जीमेल पत्ते टाका, त्यांना ‘एडिटर’ करा. बाकी कार्यकारिणी ‘व्ह्यूअर’: पाहतील, पण हात लावू शकणार नाहीत. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय ‘एडिटर’सह चालू ठेवणं सोपं वाटतं, पण मग लॉगइन न केलेला माणूस ‘अनॉनिमस’ अमुक प्राण्याच्या नावाने येतो, बदल करून जातो, आणि हिस्टरीत त्याचं नाव राहत नाही. देणगीदारांचे मोबाइल नंबर अशा उघड्या शीटवर तर बिलकूल नकोत.

‘मला उघडतच नाही’ हा मेसेज येणारच. बहुतेक वेळा समोरच्याच्या फोनवर दोन जीमेल खाती असतात आणि तो दुसऱ्याच खात्यातून लिंक उघडत असतो. खातं बदलायला सांगा, लिंक सगळ्यांना खुली करून टाकू नका.

[दृश्य: ग्रुपची माहिती.]

मग व्हॉट्सअ‍ॅपचं काय? ते बोलायला ठेवा. शीटची लिंक ग्रुपच्या वर्णनात टाका, शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाणार नाही. ढोलपथक कोणत्या दिवशी, याला चाळीस मेसेज कशाला? पोल टाका, १२ पर्यंत पर्याय देता येतात. बिलाचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्याची फाइल लहान करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

बैठकीसाठी गूगल मीट. तीन किंवा जास्त जण असतील तर मोफत खात्यावर ६० मिनिटं मिळतात, झूमवर ४०. वर्गणीच्या बैठकीला तेवढी पुरली पाहिजेत. एकाच खोलीत दोघं आपापल्या फोनवरून जोडले की कर्कश आवाज घुमतो, कारण एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याचा माइक उचलतो. दोघांनी एकच फोन वापरावा, किंवा एकाने माइक आणि आवाज दोन्ही बंद करावे. नेट कमी पडलं तर आधी आपला कॅमेरा बंद करा. ठरलेलं त्याच दिवशी शीटच्या दुसऱ्या पानावर लिहा: काम, कोणाकडे, कधीपर्यंत.

[दृश्य: शेअरची चौकट, मालकाचं नाव.]

शीट ज्याच्या खात्यात तयार झाली, तो तिचा मालक. पुढच्या वर्षी खजिनदार बदलले तर कॉम्प्युटरवर ‘शेअर’मध्ये नव्या खजिनदारांच्या नावापुढे ‘ट्रान्सफर ओनरशिप’ निवडा. त्यांनी ते स्वीकारल्याशिवाय मालकी जात नाही, तेव्हा समोर बसवूनच करून घ्या. मग जुन्या पाचही जणांना ‘व्ह्यूअर’ करा आणि नव्या वर्षाची शीट वेगळी काढा.