डोंगराच्या पाठीमागचं द्राक्ष

(नाशिकमधल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. ओळख करून देताना आत्ता मला 'जगप्रवासी' म्हटलं गेलं, ते आधी दुरुस्त करते. मी निफाड तालुक्यात एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि संसार केला द्राक्षबागेत. बागायतदाराच्या घरात सुट्टी वेल ठरवते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे घडासाठीची छाटणी, झाली की काढणी होईपर्यंत घरातलं माणूस लग्नालासुद्धा पंगतीपुरतंच जातं. मार्चअखेर माल निघतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नवी काडी यावी म्हणूनची छाटणी, सुरू होते, आणि मधले पंधरा-वीस दिवस वेलीला विसावा. तेवढेच दिवस आमचे.

मी निवृत्त झाले त्या वर्षी म्हटलं, अहो, न्यूझीलंडला जाऊ. हे म्हणाले, जाऊ, पण बसमध्ये अंताक्षरी खेळत फिरणार नाही. मग ठरलं की दक्षिण बेट, भाड्याची गाडी, आणि गाडी मी चालवायची. यांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. ताशी शंभरच्या रस्त्यावर हे तीसने गेले असते आणि दर बांधाला थांबून समोरच्याचं पीक बघितलं असतं. (ते इथे पुढच्या रांगेतच बसलेत. मान हलवतायत, म्हणजे कबूल आहे.)

गाडी चालवण्याची भीती कुणाला असेल तर सांगते. तिथेही आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचं. आपला इंग्रजीतला परवाना चालतो. अवघड गेलं ते एवढंच की कुणी हॉर्न वाजवत नाही. पहिले दोन दिवस मला वाटायचं, आपण बहिऱ्या झालो.

पण प्रवास विमानतळावरच्या बुटांपासून सुरू झाला. तिथे उतरताना एक पत्रक भरावं लागतं. त्यात प्रश्न होता, गेल्या तीस दिवसांत तुम्ही शेतात गेला होता का? हे मला म्हणाले, "गेलो होतो का म्हणजे? काल तिथूनच निघालो." खरं ते लिहिलं. अधिकाऱ्याने यांचे बूट मागितले, उलटे करून तळवे पाहिले, आत नेले, आणि थोड्या वेळाने चक्क धुऊन, पुसून आणून दिले. पंधरा वर्षं ते बूट आमच्या बागेत वावरले होते. त्यांचा मूळ रंग तपकिरी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हसण्यावारी नेऊ नका. फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी किडूक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेली आणि तिने तिथल्या बागाच्या बागा संपवल्या. शेवटी अमेरिकन मुळावर युरोपची वेल कलम करावी लागली. आपणही डॉगरिज नावाच्या वेलीच्या खुंटावर कलम करतो, पण आपलं कारण वेगळं, खारट जमीन आणि पाण्याची ओढ. चिमूटभर मातीतून काय येऊ शकतं हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. यांनी तेव्हापासून त्या अधिकाऱ्याबद्दल एक शब्द वावगा काढलेला नाही.

क्राइस्टचर्चहून सव्वादोनशे किलोमीटरवर टेकापो सरोवर. फोटोत पाहून मला वाटायचं, हा रंग काहीतरी करून आणलेला आहे. तर पाणी खरोखरच तसं आहे, मोरचुदाचं द्रावण दुधात ओतल्यासारखं. बागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांना लगेच कळेल. वर हिमनद्या आहेत. बर्फाचं ते ओझं सरकताना खालचा खडक दळत येतं, जात्यासारखं. इतकं बारीक पीठ पडतं की ते पाण्यात तळाला बसतच नाही, तरंगत राहतं, आणि उजेड त्यावरून निळा-हिरवा होऊन परततो. पुढचं पुकाकीही तसंच. त्याच्या टोकाला अओराकी, म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर. एकतीस वर्षं फळ्यावर हिमनदीचं कार्य काढत होते. पाण्यात हात घालून ते पीठ बोटांवर आलं का बघत बसले, तर हे म्हणाले, "अगं, शाळा सुटली."

तिथली रात्र मात्र लवकर सांगून टाकते, नाहीतर वेळ जाईल. तो सगळा भाग २०१२ पासून काळोख राखून ठेवलेला भाग आहे, रस्त्यावरचे दिवेही खाली तोंड करून. मृग नक्षत्र उलटं दिसतं, डोकं खाली. आणि आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेला खाली कुठेतरी दिसणारा अगस्ती तिथे थेट डोक्यावर. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेला आणि परतला नाही, तो इथे येऊन बसलाय.

आता लिंडिस खिंड. टेकापोचा निळा रंग संपतो आणि डोंगर अचानक पिवळे पडतात. झाड नाही, नुसतं वाळलं गवत, वैशाखातल्या चांदवडच्या डोंगरांसारखं. ९७१ मीटरवरून उतरलात की सेंट्रल ओटागो. अलेक्झांड्रा या गावी वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या सिन्नरवाल्यांनीही हळहळावं इतका कमी. आणि तिथेच, क्रॉमवेल आणि बॅनकबर्नच्या उतारांवर, द्राक्ष. पिनो न्वार, वाइनची काळी जात.

इथे आमची गाडी दोन दिवस हललीच नाही. यांनी हलवू दिली नाही.

एक गंमत ऐका. आम्ही इथली काढणी उरकून निघालो होतो, आणि तिथे काढणी चालू होती. महिना एकच, पण कारणं अगदी उलटी. तो देश विषुववृत्ताच्या पलीकडे, म्हणून आपल्या चैत्रात त्यांचा शरद ऋतू. पंचेचाळीस अक्षांशावर वेल हिवाळ्यात पानं टाकते आणि झोपते. वसंतात उठते, फुलते, शरदात पिकते. वर्षाला एक छाटणी, तीही वेल झोपलेली असताना. आपण वीस अक्षांशावर. इथे वेलीला झोप नाहीच. आपण तिला एप्रिलमध्ये कापून काडी करायला लावतो आणि ऑक्टोबरमध्ये कापून घड. म्हणजे पावसाळा टळतो आणि थंडीच्या रात्रीत गोडी भरते. तिथल्या बागायतदाराला यांनी माझ्या इंग्रजीतून हे सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, दोन छाटण्या? मग म्हणाला, तुमची वेल दमत नाही का? हे मला म्हणाले, "त्याला सांग, वेल नाही दमत, आम्ही दमतो."

यांनी घड हातात घेतला आणि चेहरा पडला. आपल्याला १८ मिलिमीटरचा मणी हवा, त्यासाठी जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे, विरळणी करायची, मण्यावरची लव पुसू नये म्हणून देठाला धरायचं. आणि तिथे करवंदाएवढा मणी, आत बिया, एकरी उत्पन्न दोन टनांच्या आसपास. आमच्याकडे एवढा माल निघाला तर सोसायटीचा माणूस सांत्वनाला येईल. पण वाइनला लहानच मणी हवा. रंग आणि चव सालीत असते, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

थंडीचं मात्र दोघांचं लगेच जुळलं. निफाडचा पारा चार-पाचावर आला की आपण पहाटे बागेत शेकोट्या करतो, पाणी सोडतो. तिथे वसंतात कोवळ्या फुटीवर दहिवर गोठतं. त्यासाठी बागेत विजेच्या खांबाएवढे पंखे उभे केलेले. थंड हवा जड, ती जमिनीलगत साचते. वर थोडी उबदार हवा असते. पंखा ती ढवळून खाली आणतो. पंखा नसेल तिथे पहाटे हेलिकॉप्टर बोलावून बागेवर घिरट्या घालायला लावतात. हे ऐकल्यावर यांनी इथल्या शेकोटीच्या खर्चाबद्दल तक्रार करणं बंद केलंय.

आणि पाणी? खाली डन्स्टन सरोवर दिसतं, सुरेख. पण ते सरोवर नाही, धरण आहे. क्लाइड धरणात १९९२ पासून पाणी भरलं आणि जुन्या क्रॉमवेलचा बराचसा भाग त्यात गेला. तिथे क्लुथा आणि कावाराउ या दोन नद्यांचा संगम होता, दोन रंगांचं पाणी शेजारी-शेजारी वाहायचं. जर्दाळूच्या बागा होत्या. काही जुन्या इमारती उचलून वर आणून मांडल्यात, तिथे आता कॉफी मिळते. मी कॉफी घेतली, पण गंगापूर धरणाच्या कडेला वाइनचा पेला हातात धरून फोटो काढणारी आपली पोरं आठवली. त्या पाण्याखाली कुणाचं शिवार होतं, कुणी विचारत नाही. मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

क्वीन्सटाउनबद्दल एवढंच की गर्दी आहे. वाकाटिपू सरोवर ऐंशी किलोमीटर लांब आहे आणि त्याचं पाणी दर पंचवीस-सव्वीस मिनिटांनी थोडं चढतं, थोडं उतरतं. माओरी लोक म्हणतात, तळाशी राक्षसाचं काळीज धडधडतंय. ते ऐकून मी काठीने खूण करून बसले, आणि ज्यांना खरेदी करायची होती ते खरेदीला गेले. (परत मान हलली.)

आता ज्या एका तासासाठी मी हे व्याख्यान स्वीकारलं तो तास. वानाका गावाहून रस्ता वर जातो. आधी उजवीकडे हावेआ सरोवर, मग जमिनीची एक लहानशी मान ओलांडली की डावीकडे वानाका सरोवर. काच खाली, ऊन, कोरडी हवा. मकारोरा गाव मागे पडलं की झाडी सुरू होते, आधी विरळ, मग दाट, मग खोडांवर शेवाळ. हास्ट खिंड उंचीला फारशी नाही, ५६२ मीटर, आपल्या नाशिकहून किंचित कमीच. तिथे पोचेपर्यंत काचेवर थेंब आले. खिंडीपलीकडे वायपर पूर्ण वेगाने लावले तरी समोरचं दिसेना. हे म्हणाले, "अगं, हा तर कसारा घाट!"

बस्स. एकतीस वर्षं मी 'पर्जन्यछायेचा प्रदेश' पाठ करून घेत होते, आणि यांनी ते दोन शब्दांत सांगितलं.

पश्चिमेकडून, टास्मन समुद्रावरून ओलं वारं येतं. डोंगराला धडकतं, वर चढतं, निवतं आणि कोसळतं. हास्टच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. डोंगर ओलांडेपर्यंत ढगांची पिशवी रिकामी होते आणि पलीकडे अलेक्झांड्राला साडेतीनशे. आपल्याकडे इगतपुरीला तीन हजारांच्या वर, निफाडला पाचशेच्या आसपास. द्राक्षाला पावसात डावणी रोग येतो, मणी तडकतात, ते पिकतं ते डोंगराच्या पाठीमागे. पण मुळाला पाणी लागतंच, आणि ते डोंगराच्या माथ्यावरूनच येतं. तिकडे बर्फातून आणि सरोवरांतून, इकडे दारणा-गंगापूरमधून.

खिंडीच्या माथ्यावर मी गाडी बाजूला घेतली. एका अंगाला पडलेला थेंब हास्ट नदीतून पश्चिमेच्या समुद्राला जातो. दुसऱ्या अंगाचा मकारोरात, तिथून वानाकात, तिथून क्लुथा नदीत, आम्ही पाहिलेल्या बागांच्या पायथ्यावरून थेट पूर्वेच्या समुद्राला. आपलं त्र्यंबक आठवा. तिथल्या डोंगरातून वैतरणा पश्चिमेला उतरते. गोदावरीला अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असतो, आणि ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. जत्रेत हजारदा गेलोय आपण त्र्यंबकला. गाडी थांबवून हे बघायला मला हास्टला जावं लागलं.

म्हणून मी म्हणते, जाल तर स्वतः गाडी चालवत जा. बसच्या सहलीत सरोवर एका दिवशी, वाइन दुसऱ्या दिवशी, समुद्र तिसऱ्या दिवशी, आणि मधल्या वेळात सगळे झोपलेले. मधलं तेवढं बघण्यासारखं असतं.

खाली उतरल्यावर हास्ट नदीवरचा पूल लागतो, एकेरी, सातशे मीटरच्या वर लांब. असे पूल तिथे गावोगाव. अलीकडे पाटी असते, त्यावर दोन बाण. तुमचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं. मी थांबले. समोरची गाडी आली, माणसाने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, गेला. पुढच्या पुलावर माझा बाण मोठा होता, समोरचा थांबला, मी बोट उचललं. यांनी पुढे सतराशे किलोमीटर होईपर्यंत बोटं मोजली. आपल्या द्वारका चौकात मी एकदा बोट उचलून पाहिलं. त्याचा वेगळा अर्थ घेतला गेला.

मार्लबरोचं थोडक्यात सांगते, कारण तिथे देखावा कमी आणि कारखाना जास्त. सपाट खोरं, नजर पोचेल तिथवर सोव्हिन्यों ब्लाँ, वाइनचं पांढरं द्राक्ष. १९७३ साली तिथे मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली, आणि आज देशातली बहुतेक वाइन तिथलीच. काढणी यंत्राने, रात्रीसुद्धा. यंत्र ओळीवर स्वार होतं, वेलीला गदागदा हलवतं, मणी खाली पट्ट्यावर. हे तोंडावर हात ठेवून बघत होते. लेकराला कुणी हलवावं तसं वाटलं म्हणाले.

शेवट कैकोरा. किनाऱ्यापासून जवळच समुद्रतळाला हजार मीटरपेक्षा खोल दरी, म्हणून तिथे स्पर्म व्हेल बारा महिने. एक पाहिला, शेपटी पाहिली, आनंद झाला. पण मी खडक बघत होते. १४ नोव्हेंबर २०१६ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि समुद्रतळ उचलला गेला, कुठे हातभर, कुठे दोन मजले. काल पाण्याखाली असलेलं आज उन्हात. महामार्ग दरडींखाली गेला, तो वर्षाने, डिसेंबर २०१७ मध्ये उघडला. ज्या डोंगराने तो पाऊस अडवला, तो असाच धक्क्याधक्क्याने वर आलाय आणि अजून येतोय. आपला सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. त्याच्यासमोर हे दांडगं पोर.

मुंबईला पहाटे उतरलो आणि आमच्याच गाडीने निघालो. कसारा चढताना मी यांना उठवलं, म्हटलं, बघा, हास्ट. हे म्हणाले, "माहितीये," आणि परत झोपले. घोटी येईपर्यंत उजाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला छाटणीची टोळी बागेत हजर. हे चप्पल घालून गेले. ते बूट अजून कपाटावर आहेत, धुतलेले.